बंदुका शांत झाल्या, पण झोप येत नाही: हिंसा पाहिलेल्या माणसाला गावातच आधार कसा द्यायचा

हे लिहून राहिली ते आशाताईंसाठी, अंगणवाडीच्या बाईंसाठी, आश्रमशाळेच्या मास्तरांसाठी, ग्रामसभेतल्या पोरांसाठी, अन् ज्याच्या शेजारच्या घरातलं माणूस मारलं गेलं त्या शेजाऱ्यासाठी. डॉक्टरचं काम तुम्ही करावं असं नाही, पण डॉक्टरकडे जायच्या आधीचं अन् तिथून आल्यानंतरचं जे काम असते ते गावातच होते, दुसरं कोणी येऊन करत नाही.

१९८० च्या सुमारास नक्षलवाद्यांचे दलम, म्हणजे हत्यारबंद टोळ्या, प्राणहिता नदी ओलांडून गडचिरोलीत आले, तेव्हापासून एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरचीकडच्या माणसानं दोन्ही बाजूच्या बंदुका पाहिल्या. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरची चकमक झाली, १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ सुरुंगात १५ जवान अन् गाडीचा ड्रायव्हर गेला, हे पेपरात आलं म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या मधल्या मधल्या रात्री एकेक गावकरी पोलिसांचा खबऱ्या म्हणून घरातून उचलला गेला अन् सकाळी रस्त्यावर सापडला, त्याच्या घरात पुढं काय झालं हे कोणी विचारलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती अन् त्याच्यासोबतचे साठेक जण गडचिरोलीत शरण आले, आता लोक म्हणतात झालं बाप्पा, संपलं. मला उलटं वाटते. धोका असतो तोवर माणूस स्वतःला घट्ट धरून ठेवते, जरा शांत झालं की मग झोप उडते, छाती धडधडते, दारू वाढते. म्हणून हे काम आता जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज असा की युद्ध अन् संघर्षाच्या भागात राहणाऱ्या दर पाच माणसांमागे साधारण एकाला डिप्रेशन, चिंता किंवा आघातानंतरचा त्रास असा काही ना काही मानसिक आजार असतो. हा आकडा जगभरातल्या अशा भागांचा मिळून आहे, आपल्या जिल्ह्याचा नाही. पण त्यातून एक गोष्ट घ्या, पाचातले चार जण आजारी नसतात. दुःख असते, भीती असते, पण त्यांना गोळी नाही, माणसं लागतात.

सगळ्यात आधी: बोलतं करायला जाऊ नका

मदत म्हटलं की आपल्याला वाटते माणसाला बोलतं करावं, रडू द्यावं, मन मोकळं होईल. शहरातून येणारे पण हेच सांगतात. पण आघाताच्या लगेच नंतर माणसाला बसवून सगळी घटना सांगायला लावणं, याचा फायदा होत नाही अन् काहींना त्रास वाढते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ते करू नका म्हणते. त्यात आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. इथं बोलण्यानं माणसं मेली आहेत. कोण आलं होतं, कोणत्या वाटेनं गेलं, कोणी जेवण दिलं, हे ज्यानं सांगितलं तो एका बाजूला अडकला अन् ज्यानं नाही सांगितलं तो दुसऱ्या बाजूला. तर अशा घरी गेल्यावर बाई गप्प बसली म्हणून तिला आजारी समजू नका, ती गप्प राहूनच एवढे दिवस वाचली आहे.

म्हणून घरी जाताना काही गोष्टी पाळा. वही काढू नका, फोटो काढू नका, मोबाईल खिशात ठेवा. पोलिसाच्या गाडीतून उतरून त्या घरी जाऊ नका अन् कोणा पुढाऱ्याला घेऊन जाऊ नका. "कोणी मारलं?" हा प्रश्न तुमच्या तोंडून कधीच निघाला नाही पाहिजे, ते तुमचं काम नाही. स्वतःहून कोणी सांगू लागलं तर ऐका, थांबवू नका, पण खोदू पण नका, अन् नाव-गाव निघालं तर ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे, नवऱ्याला नाही, मिटिंगमध्ये नाही, वॉट्सॲपवर तर बिलकुलच नाही. एका वेळेस जरी गोष्ट बाहेर गेली तर त्या गावात पुढचे कित्येक वर्षं कोणी तुमच्याजवळ बसणार नाही. अन् आधी त्या बाईलाच विचारा, "मी येत जाऊ का वो? माझ्या येण्यानं तुला काही त्रास तर नाही ना होत?" ती नको म्हणाली तर नदीवर, हापशीवर, बाजारात भेटा.

पहिले काही दिवस

मानसिक प्रथमोपचार म्हणून जे शिकवतात त्याचे तीन भाग आहेत: पहा, ऐका, जोडून द्या. ऐकायला सोपं वाटते, करायला नाही, कारण आपल्याला घाई असते काही तरी चांगलं बोलून टाकायची.

पहा म्हणजे घरात गेल्यावर आधी डोळ्यानं पहा की चूल पेटली का, लेकरं जेवली का, म्हाताऱ्याची बीपीची गोळी चालू आहे का, अंगावरचं बाळ असलेली बाई पाजून राहिली का. रात्री या घरात कोण झोपते? एकटी बाई लेकरांना घेऊन झोपत असेल तर पहिली सोय ती करा, नणंद, आई, शेजारची म्हातारी, कोणी पण. खरा धोका शिल्लक असेल, म्हणजे धमकी चालू असेल, तर आधी त्यांना सुरक्षित जागी, नातेवाईकाकडे हलवायचं पहा. धमकी चालू असताना श्वासाचे व्यायाम शिकवून काही होत नाही.

ऐका म्हणजे जवळ बसा. खरंच फक्त बसा. आंबील घेऊन जा, भात घेऊन जा, तांदूळ निवडू लागा. "जेवली का वो?", "पाणी आणून देऊ का?", "आज कोणाला निरोप द्यायचा आहे का?" असे प्रश्न विचारा ज्याचं उत्तर देता येते. "कसं वाटून राहिलं?" याचं त्या दिवशी कोणाकडेच उत्तर नसते.

काय म्हणायचं नाही हे पण सांगून ठेवते, कारण हे शब्द आपल्या सगळ्यांच्याच तोंडात असतात. "रडू नको, लेकराकडे पाहून हिंमत धर", "देवाची मर्जी", "तू तरी वाचली ना", "त्यानं तसं काही केलंच असन म्हणून तं". शेवटचं वाक्य तर घाव आहे. त्यापेक्षा "फार वाईट झालं. मी आहे इथं, उद्या परत येतो" एवढं बोला, अन् उद्या खरंच या. येणार म्हणून नाही आलात तर न बोललेलं बरं होतं.

जोडून द्या म्हणजे कागदं अन् माणसं. मृत्यूचा दाखला, पोस्टमार्टमचा रिपोर्ट, एफआयआरची नक्कल, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, एका प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र करून द्या. नक्षली हिंसेत गेलेल्या सामान्य नागरिकाच्या कुटुंबासाठी सरकारी मदत असते, तिची वाट जिल्हाधिकारी कार्यालयातून जाते. जातीय अत्याचार असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली मदत वेगळी असते. बाईला एकटीला तहसीलला पाठवू नका, तिथं पाच टेबलावर पाच वेळा तीच गोष्ट सांगावी लागते अन् प्रत्येक वेळेस ती घटना परत होते. सोबतच्या माणसानं एकदा लिहून नेलं, ती फक्त सही-अंगठ्याला बसली, तर तिचा अर्धा त्रास वाचते.

झोप, छाती अन् अंगदुखी

आपल्याकडे कोणी येऊन "मला मानसिक त्रास आहे" म्हणत नाही. म्हणतात जीव घाबरते, डोकं जड आहे, पोटात गोळा येते, हातपाय गळाले, मन लागत नाही. दवाखान्यात सलाईन लावून येतात, दोन दिवस बरं वाटते, परत तेच. त्यांना खोटं ठरवू नका, दुखणं खरंच असते. समजावून सांगायचं तर असं सांगा: रानडुकरं येतात म्हणून आपण शेतात जागलीला बसतो, पान हाललं तरी दचकतो. तसं तुमचं शरीर जागलीवर बसलं आहे, डुक्कर येऊन गेलं तरी उठायला तयार नाही. फटाका वाजला, बुटाचा आवाज आला, रात्री कुत्रं भुंकलं, मोटरसायकल दारात थांबली की काळीज तोंडात येते. याला वेडेपणा म्हणत नाहीत. हे समजलं ना की निम्म्या लोकांच्या मनावरचा एक वेगळा दगड उतरते, कारण ते मनात भिऊन असतात की आपलं डोकं फिरून राहिलं.

मग हे करून पाहायला सांगा. नाकातून हळू चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा अन् सहा मोजेपर्यंत सोडायचा, सोडणं लांब पाहिजे, असं पाचेक मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. जेव्हा त्रास नाही तेव्हा सवय करायची, म्हणजे त्रासाच्या वेळेस जमते. जुनं दृश्य एकदम डोळ्यासमोर आलं तर पाय जमिनीवर दाबायचे, हातात काही तरी धरायचं, लोटा, दोरी, काठी, अन् समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंचं नाव तोंडानं घ्यायचं, मनात नाही. आजचा वार घ्यायचा, कोणत्या घरात बसलो ते म्हणायचं. दुपारच्या झोपा कमी करा, संध्याकाळनंतर चहा अन् खर्रा बंद. खर्ऱ्यातली तंबाखू झोप उडवते हे लोकांना पटत नाही, पण खरं आहे. अन् मोबाईलवर मारामारीचे, बॉम्बहल्ल्याचे व्हिडिओ रात्री पाहणं बंद, गाझा-युक्रेनचे असो की आपल्याकडचे. ज्यानं स्वतः रक्त पाहिलं त्याचं शरीर पडद्यावरचं अन् दारातलं वेगळं करत नाही.

एक महत्त्वाचं. मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात मोठ्या माणसाला झोप येत नाही म्हणून झोपेच्या, सवय लागणाऱ्या गोळ्या देऊ नये असंच जागतिक आरोग्य संघटनेचं मत आहे. त्या गोळ्या सुटत नाहीत अन् मूळ त्रास तसाच राहते.

दारूचं पण तसंच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे तरी कोण कुठं पिते हे गावाला माहीत आहे. सणाला, पूजेला मोहाची असते ती गोष्ट वेगळी. पण घटनेनंतर जो माणूस रोज झोपेसाठी पिऊन राहिला त्याला शिव्या देण्याआधी विचारा, "काकाजी, रात्री झोप कशी येते?" तिथून बोलणं सुरू होते, दारूपासून सुरू केलं की तो उठून जाते.

खबऱ्याचं घर

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात एकटं हेच घर असते. पोलीस मेला तर सलामी होते, नाव लागते. मोठी घटना झाली तर पुढारी येतात. पण खबऱ्या म्हणून जो मारला गेला त्याच्या दारात कोणी जात नाही, कारण गेलं की आपल्यावर नजर येते. मयतीला चार माणसं मिळत नाहीत. बायको रोवणीला मजूर मागायला गेली तर कोणी हो म्हणत नाही, पोरांसोबत पोरं खेळत नाहीत. म्हणजे मारणाऱ्यानं एकदा मारलं अन् गाव रोज थोडं थोडं मारते. हे जाणूनबुजून कोणी करत नाही, भीतीनं होते, पण होते.

हे तोडायचं असेल तर एकट्या माणसानं धाडस करू नये. चार-पाच घरांनी मिळून ठरवावं. रोजचं काही तरी कारण घेऊन जावं: मीठ मागायला, बी बदलायला, बचतगटाचा हप्ता घ्यायला. रोवणीत तिच्या बांधीवर एक दिवस सगळ्या बायांनी मिळून जावं, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असं. मोहफूल वेचायला अन् मे महिन्यात तेंदूपत्त्याला तिला टोळीत घ्यावं. तो खबऱ्या होता की नव्हता ही चर्चा तिथं करूच नये, तो निकाल लावायला आपण बसलो नाही. ग्रामसभेच्या म्हाताऱ्या माणसानं, गावच्या पेरम्यानं (गावाची पूजा करणाऱ्यानं), पाटलानं लोकांसमोर तिच्या घरी पाणी प्यावं, याचा परिणाम कोणत्या पण समुपदेशनापेक्षा जास्त असतो असं माझं ठाम मत आहे.

अन् हे एकाच बाजूचं नाही. शरण आलेली पोरं-पोरी आहेत, ज्यांना गावात परत जायची भीती आहे. सी-६० मधले, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकातले, जवान पण बाहेरून आलेले नाहीत, इथलीच पोरं आहेत, त्यांच्या आया पोरगं ऑपरेशनवर गेलं की फोन येईपर्यंत जेवत नाहीत. चकमकीत पोरगी गेली त्या मायबापाला तर रडायला पण जागा नाही. झोप उडाली ती सगळ्यांची सारखीच उडाली. तुम्ही कोणाच्या घरी जाता अन् कोणाच्या नाही हे लोक पाहून राहतात, सगळ्यांच्या घरी जा.

मयत, तेरवी अन् बेपत्ता माणूस

मन सावरायला रीतभात फार कामी येते. तेरवी असो, माडिया लोकांत मेलेल्या माणसासाठी दगड उभा करायची रीत असो, ते होऊ द्या, राहून गेलं असेल तर वर्षानं का होईना करा, पैसे नसतील तर साध्यात करा. पुजाऱ्याकडे गेले तर जाऊ द्या, त्याला पण आपल्यासोबत घ्या. फक्त डागणं, मारणं, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं हे झालं तर तिथं आडवं पडा, अन् पुजाऱ्यासोबत डॉक्टर पण चालते हे सांगा.

माणूस बेपत्ता असेल, शरीर मिळालंच नाही, तर त्या घरचं दुःख वेगळं असते. "तो गेला, आता सोडा" असं म्हणू नका, अन् "येईल एक दिवस" असं पण म्हणू नका. दोन्ही आपल्याला माहीत नाही. त्याचं ताट वाढत असतील तर वाढू द्या. बाकी घर चालू राहिलं पाहिजे, पोरीचं लग्न, शेत, शाळा, त्याच्यासाठी थांबवून ठेवू नका एवढं हळूहळू बोलत राहा.

लेकरं

लहान पोट्टे सांगत नाहीत, दाखवतात. पाच-सहा वर्षांचं लेकरू परत अंथरूण ओलं करू लागते, आईचा पदर सोडत नाही, बंदूक-बंदूक किंवा मयत-मयत खेळते. खेळू द्या. मारू नका, अंथरूण ओलं केलं म्हणून सगळ्यांसमोर बोलू नका. मोठी पोरं चिडतात, शाळेत लक्ष नाही, आश्रमशाळेतून पळून येतात. मास्तरांनी यांना आळशी ठरवायच्या आधी घरी काय झालं ते विचारावं, पण वर्गात उभं करून नाही. लेकराला खरं सांगा, थोडक्यात, त्याच्याच बोलीत, माडियात असेल तर माडियात. "बाबा गावाला गेला" असं सांगितलं की ते वाट पाहते अन् मग आपल्यावरचा भरोसा जातो. रोजची वेळ सांभाळा: आंघोळ, शाळा, खेळ, जेवण, झोप. दवाखान्यात दुभाषी म्हणून लेकराला कधी बसवू नका, आईचं दुःख त्याच्या तोंडून डॉक्टरला सांगायला लावणं फार वाईट आहे.

महिनाभरानं परत पहा

सुरुवातीचे काही आठवडे दचकणं, झोप न येणं, रडू येणं हे होतेच, बहुतेकांचं हळूहळू कमी होते. महिना उलटून पण त्याच घटनेची स्वप्नं, दिवसा तेच दिसणं, त्या वाटेनं जाणं टाळणं, सारखं सावध, असं चालूच असेल अन् त्यामुळं शेतावर जाणं, स्वयंपाक, लेकरं पाहणं सुटलं असेल तर डॉक्टर पाहिजे. स्वतःशी बोलणं, कोणी नसताना आवाज येणं, जेवण पूर्ण बंद, किंवा मरायच्या गोष्टी असतील तर महिन्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी.

कुठं जायचं? आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जिल्हा सामान्य रुग्णालय, तिथं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. फारच जास्त असेल तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. फोनवर टेली-मानस ही सरकारची मानसिक मदतीची लाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. रेंज नसलेल्या गावात बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये येऊन सोबत बसून लावून द्या. डॉक्टरनं उदासीची गोळी दिली तर तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे आधीच सांगा, नाही तर लोक आठव्या दिवशी फेकून देतात. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करायची नाही.

मरायचं मनात आहे का हे सरळ विचारा. "एवढ्या त्रासात कधी जीव द्यावा असं मनात येते का, भाऊ?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस सुटका झाल्यासारखं बोलते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्या घरातून उचला, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, दोरखंड पण. औषध घेतलंच तर १०८ ला फोन, उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, डबा सोबत घ्या म्हणजे डॉक्टरला कळते काय घेतलं. पोलीस केसच्या भीतीनं काही लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं धरलं आहे की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

गावातल्या साध्या माणसाला हे जमते का असं कोणाला वाटत असेल तर आपल्याच विदर्भातलं उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला, शेतकऱ्यांच्या ताणावर होता, त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी गेले. डिप्रेशन असलेल्या शंभर माणसांमागे आधी चारेक जण मदत घेत होते, प्रकल्पानंतर ते सत्तावीस झाले.

मदत करणाऱ्याचं

आशाताई, तुम्ही पण त्याच गावच्या आहात, तो आवाज तुम्ही पण ऐकला. एका दिवसात अशी दोन-तीन घरं करू नका. एक सोबतीण ठरवा जिच्याजवळ नावं न घेता मन हलकं करता येईल. तुमची झोप उडाली, घरी चिडचिड वाढली, तर काही दिवस दुसरीला जाऊ द्या, यात लाजायचं काही नाही.

पुढचे कित्येक वर्षं

भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला एका घरातले चौघं मारले गेले. खालच्या कोर्टाचा निकाल २००८ मध्ये लागला, हायकोर्टाचा २०१० मध्ये. जो मागं राहिला त्याला एवढे वर्षं तारखा. म्हणून एक साधं कॅलेंडर ठेवा, घरात नाही, तुमच्या जवळ. त्यात घटनेची तारीख, कोर्टाची तारीख, मदतीच्या हप्त्याची तारीख, अन् तो सण लिहा ज्या सणाला तो माणूस असायचा, पोळा, दिवाळी, मंडई. त्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीपासून त्रास वाढते, बाई स्वतःला पण कळत नाही काहून चिडून राहिली. तेव्हा जा. समन्स आलं तर वाचून दाखवा, कोर्टात काय विचारतील ते आधी सांगा, गाडीभाड्याचे पैसे ग्रामसभेतून होतात का पहा, अन् त्या दिवशी तिच्यासोबत दोन बाया पाठवा, एक आत बसायला अन् एक बाहेर लेकरू सांभाळायला.